उरलेलं एक विमान

विमानांच्या लढाईचा लहानपणीचा गेम दंतवैद्य नवऱ्याने माळ्यावरून खाली काढला, त्याला वर्ष झालं. पडदा सरकत राहतो, समोरून शत्रूची विमानं येत राहतात, आणि गेम बंद झाला की पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरुवात. आज सकाळी तो जन्मात पहिल्यांदा शेवटच्या, आठव्या पातळीवर पोचला. त्याच्याकडे खेळायला एकच विमान उरलं होतं. नेमका तेव्हाच दवाखान्यातून फोन आला, की पहिला पेशंट गाल धरून बसलाय.

त्याने गेम तसाच थांबवून ठेवला.

"टीव्हीकडे फिरकूसुद्धा नकोस," त्याने बायकोला बजावलं. "तुला नाही कळायचं, पण इथवर यायला वर्ष घातलंय मी."

अकरा वाजता तिने इस्त्री लावली आणि घराचा फ्यूज उडाला.

संध्याकाळी तो बूट न काढताच टीव्हीपुढे जाऊन बसला. आठवी पातळी, एक विमान, सगळं जिथल्या तिथे. त्याने बटण दाबलं, आणि तिसऱ्या सेकंदाला विमान डोंगरावर आदळलं.

"बघितलंस, किती अवघड असतं ते?"

"हो ना," ती म्हणाली आणि इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवायला गेली.



आठव्या पातळीवर ती बाराच्या आतच पोचली होती. जास्तीची सहा विमानं मुद्दाम आपटून टाकण्यात मात्र सगळी दुपार गेली, कारण दोन आपटेपर्यंत एक नवं विमान बक्षीस मिळायचं.