मुलगी नावाची फाइल

गेलेल्या माणसांची मनं साठवणाऱ्या जतनकेंद्रातून वडिलांची, अप्पांची, नवी प्रत घरी आणून आठवडा झाला होता. आवाज तोच होता, बोलताना मधेच खाकरणंही तेच. पण त्या दुपारी स्पीकरमधून अप्पांनी विचारलं, "चिंगी विहिरीवरून आली का गं?"

हेमांगीने चमकून स्पीकरकडे पाहिलं. ती त्यांची एकुलती एक मुलगी, आणि त्यांच्या घरी कधी विहीर नव्हती.

ती तशीच केंद्रात गेली. तिथल्या तंत्रज्ञ पिंगळ्यांनी तपासलं आणि मान खाली घातली. "माणूस म्हणजे हजारो सुट्या फाइलींची जुळणी. कॉपी करताना 'मुलगी' नावाची फाइल शेजारच्या फोल्डरातली, दुसऱ्याच माणसाची जोडली गेली. तुमची बसवून देतो, ही पुसतो."

"शेजारचे कोण होते?"

"त्यांना वारस नव्हता. तुमची प्रत काढल्यावर लगेच त्यांची जुळणी पुसली. चिंगी आता एवढ्याच फाइलीत उरलीय. सात वर्षांची होती. आठवण विहिरीपाशी संपते, पुढे काहीच नाही."

हेमांगीने पडद्यावरचं ते नाव वाचलं. मग म्हणाली, "माझी बसवा. पण तिचीही राहू द्या. नाव बदला आणि अप्पांजवळच ठेवा."

संध्याकाळी अप्पांनी तिला तिच्या पहिल्या सायकलीवरून चिडवलं. दिवेलागणीला ती दार लावायला उठली.

"उघडं राहू दे, हेमा," अप्पा म्हणाले. "धाकटी यायचीय अजून."

तिने दार उघडंच ठेवलं, आणि अंधार पडेपर्यंत तीही उंबऱ्यात उभी राहिली.