अर्धा मिलिमीटर

करवतीचं पातं पुलाला टेकलं, तेवढ्यात प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीच्या मागून एक बाई म्हणाल्या, "कापू नका. पुलाचा काही दोष नाही."

सगळे वळून बघायला लागले. टेबलाखालून दोन डोकी वर आली. करवत धरलेला सुतार मंडळातला सगळ्यात उत्साही सभासद. तो नको तितक्या नम्रपणे म्हणाला, "बाई, जरा मागे सरता का? इथे आमची धांदल उडालीय."

धांदल खरीच उडाली होती. छोट्या आगगाड्यांच्या त्या प्रदर्शनातला हा सगळ्यात मोठा देखावा. डोंगर, दरी, दोन स्टेशनं आणि दरीवर हातभर लांबीचा पूल. मंडळातल्या चौदा जणांनी तीन वर्षं खपून उभा केलेला. चार वाजता परीक्षक येणार होते. अट एकच होती : अठरा डब्यांच्या मालगाडीने न पडता, न थांबता एक फेरी पूर्ण करायची. आणि सकाळपासून ती गाडी एकदाही धड पलीकडे गेली नव्हती. पुलाच्या तोंडाशी सांधा होता, एका रुळाचे दोन होतात ती जागा. तिथे आली की गाडी रूळ सोडायची आणि मागचे डबे धडाधड दरीत. इंजिन बदलून झालं, रूळ पुसून झाले, एकमेकांवर खेकसून झालं. शेवटी पूल आणि सांधा दोन्ही कापून काढायचे आणि तिथे फळी ठोकून वर साधा सरळ रूळ टाकायचा, असं ठरलं. साडेतीन वाजून गेले होते.

"वहिनी, चला ना," बाईंची नणंद कुजबुजली. ती आज पहिल्यांदाच बरोबर आली होती आणि तासाभरापासून पायांच्या नावाने रडत होती. "त्यांचं ते बघून घेतील. आपण कशाला नाक खुपसायचं?"

बाई हलल्या नाहीत. नऊ वर्षं त्या अशी प्रदर्शनं बघत आल्या होत्या. एकही चुकवलं नव्हतं. बोलायच्या मात्र कुणाशी नाहीत. कितीदा तरी त्यांना काहीतरी दिसायचं, ओठांवर यायचं आणि त्या ते गिळून टाकायच्या. पण आज चौदा माणसांची तीन वर्षं करवतीखाली होती.

"गाडी सकाळपासून पाच वेळा पडली," त्या म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही डबे उचलून हाताला येतील तसे परत लावलेत. पण आधी उडी मारतो तो एकच. तो तपकिरी, पिंपाचं चित्र असलेला. एकदा चौथा होता, एकदा अकरावा. तुम्ही सगळे इंजिनाकडे बघत होतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो, तोच डबा सरळ रुळावर मस्त पळतो," सुतार म्हणाला.

"पळतो, पण डुलतो. त्याचं मागचं एक चाक आसावर आत सरकलंय. सरळ रुळावर ते खपून जातं. सांध्यावर खपत नाही."

"आणि हे तुम्हाला एवढ्या लांबून दिसलं?"

मंडळाचे अध्यक्ष इतका वेळ गालाला हात लावून खुर्चीत बसले होते. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला म्हातारा माणूस. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणायचे. त्यांनी हात पुढे केला. "द्या तो डबा इकडे."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, खिशातून बारीक मापं घ्यायचा कॅलिपर काढला. पुढच्या चाकांमधलं अंतर मोजलं. मागच्या चाकांमधलं मोजलं. मग पुन्हा मोजलं. सुताराची करवत हळूहळू खाली आली.

"अर्धा मिलिमीटर," घड्याळजी म्हणाले. "तोही जेमतेम."

"मग काय थोडं झालं?" बाई म्हणाल्या. "मी दातांच्या कवळ्या बनवते. आमच्याकडे अर्ध्या मिलिमीटरने माणूस उपाशी राहतो."

आता सगळेच हसले, पण हसणं वेगळं होतं. घड्याळजींनी डबा आणि कॅलिपर बाईंच्या हातात दिला. त्यांनी चाक दोन अंगठ्यांत धरून अलगद बाहेर ओढलं. मोजलं. मान हलवली. आणखी केसभर ओढलं. "लावा."

परीक्षक आले तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. ती डोंगराला वळसा घालून खाली आली. इंजिन गेलं. पाच डबे गेले, सहा गेले. तपकिरी डबा सांध्यावर आला, खट्ट वाजला आणि निमूटपणे पुलावर चढला. अठराच्या अठरा डबे दरी ओलांडून स्टेशनात शिरले, तेव्हा सुतार लहान पोरासारखा उड्या मारत होता. नणंद पायांचं दुखणं विसरून शेजारच्या अनोळखी माणसाला हलवून सांगत होती, "आमच्या वहिनी आहेत त्या! सख्ख्या!"

पहिला क्रमांक जाहीर झाला. चौदा जणांनी बाईंना ओढून मधोमध उभं केलं.

टाळ्या थांबल्यावर घड्याळजींनी वही उघडली. "तुमचा पत्ता सांगा. पुढच्या रविवारी आम्ही सगळे येतो. ही नजर ज्या गाडीवर तयार झाली, ती तुमच्या घरची गाडी आम्हाला बघायचीय."

"या की, जरूर या," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरेना. "पण घरी गाडी नाही हो माझ्याकडे. डबा हातात धरला तोच मुळी आज पहिल्यांदा."