दखल घेऊ नये

आमच्या फ्योर्डच्या खाडीकाठच्या गावात पंच्याहत्तरावा वाढदिवस आला की नम्र माणूस वर्तमानपत्रात निवेदन देतो, 'कृपया दखल घेऊ नये.' मीही लिहून दिलं. खाली ओघानेच माझे अकरा निबंधसंग्रह, त्याच वर्तमानपत्राचं बावीस वर्षांचं संपादन आणि मी चारनंतर घरीच असतो, हेही आलं. माझ्या खुर्चीवर आता माझीच शिष्या सिसेल बसते. तिने पहिलं वाक्य ठेवून बाकी सगळं कापलं. "सर, फापटपसारा नको, हे तुम्हीच शिकवलंत!"

त्या दिवशी बदामाचा केक आणि तीस कप मांडून आम्ही बसलो. सात वाजले तरी कोणी फिरकलं नाही.

"अहो, वाईट काय वाटून घेता?" बायको टोरुन माझ्या कपात कॉफी ओतत म्हणाली. "पन्नास वर्षांत पहिल्यांदाच गावाने तुमचं लिहिलेलं मनावर घेतलंय."