बोटभर वादी

संग्रहालयाच्या बाईंनी पिशवीतून वजनकाटा काढला, तसा लोहार हसला.

"बाई, हातच्या काकणाला आरसा कशाला? उचलून बघा की."

"बघणार आहेच. पण माझ्या कागदाला आकडा लागतो, उस्ताद," म्हणत बाईंनी तलवार काट्याला टांगली. अकराशे ग्रॅमला चार-पाच कमी. त्यांनी टिपून घेतलं.

दाराजवळच्या स्टुलावर लोहाराची बायको चामडं कातरत होती. नजर कात्रीवर, कान टेबलाकडे. गेल्या वर्षी नवऱ्याचा उजवा हात यांत्रिक घणाखाली सापडला. मग आठ महिने तो विझलेल्या भट्टीसमोर नुसता बसून असायचा. त्यानंतरची ही पहिली तलवार. परत आली तर भट्टी विकून टाकायची, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं, आणि तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता.

हजारेक वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग तलवारीची ही नक्कल होती. मूळची संग्रहालयात काचेमागे, गंजून काळी पडलेली. ही काचेबाहेर ठेवायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला हातात धरून बघता येईल. बाजारात अशा नकला ढिगाने मिळतात. भिंतीवर शोभतात, हलवल्या की खुळखुळतात. बाईंचं अशा खरेदीत दोनदा तोंड पोळलं होतं, म्हणून त्या आता ताकही फुंकून पीत होत्या.

त्यांनी पात्याची लांबी मोजली, रुंदी मोजली, मधल्या पन्हळीतून नख फिरवलं. धारेवरून कागद ओढला. तो कापला गेला नाही, आणि लोकांच्या हातात द्यायची म्हणजे तसंच हवं होतं. मग तलवार एका बोटावर आडवी तोलली. मुठीच्या आडव्या पट्टीपासून अर्ध्या वितीवर ती स्थिर राहिली. टिचकी मारली तर नाद स्वच्छ निघाला आणि बराच वेळ टिकला. मुठीच्या टोकाचं लोखंडी बोंड त्यांनी जोर लावून फिरवून पाहिलं. ते हललं नाही. आत नट नव्हता, मुठीत शिरणारी पात्याची शेपटी आरपार काढून वर ठोकून बसवलेली होती.

"सुरेख," बाई म्हणाल्या. लोहाराने बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

मग बाईंनी तलवार हातात धरली. पट्टी आणि बोंड यांच्यामध्ये तीन बोटं बसली. करंगळीला जागाच उरेना, ती बोंडावर दुमडून राहिली. बाईंनी पकड सोडून पुन्हा धरली. तेच.

"मूठ आखूड वाटते."

"आखूडच असते. नवख्यांना हमखास असं वाटतं. हात आत गच्च अडकला पाहिजे, तरच तलवार हातात फिरत नाही."

"ते मला माहीत आहे." ते त्यांना खरंच माहीत होतं. पण इथे हात गच्च बसत नव्हता, मावतच नव्हता, आणि त्यांचा हात काही पैलवानाचा नव्हे. "मुठीचं माप कुठलं घेतलंत?"

ते माप बाईंनी दिलेल्या कागदावर नव्हतं. मूळ तलवार नेमकी तिथेच मोडलेली होती.

"तीस वर्षं जे घेतोय तेच. उघड्या शेपटीवर हात आवळायचा आणि दोन्ही अंगांना खडूची रेघ मारायची. वडिलांनी तसंच शिकवलं. चाळीसएक तलवारी गेल्या इथून, एक परत आली नाही. आणा इकडे."

त्याने तलवार घेतली. त्याचा हात पट्टी आणि बोंडाच्या मध्ये असा बसला, की मध्ये केसही शिरला नसता.

"आता बोला," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. मुठीवर तीन बोटं होती. करंगळीच्या जागी नुसता गुलाबी खुंट होता. बाईंनी नजर कागदाकडे वळवली. तिथे 'मूठ' या नोंदीपुढची चौकट रिकामी होती. एक बरोबरची खूण करायची आणि निघायचं, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. उघडं पेन तसंच हातात राहिलं.

लोहाराची बायको उठली. एप्रनच्या खिशातून तिने काळ्या चामड्याच्या वादीचा एक तुकडा काढला आणि टेबलावर मुठीशेजारी ठेवला. मुठीवर गुंडाळलेली वादी आणि हा तुकडा एकाच चामड्याचे होते.

"उरली होती," ती म्हणाली. "मी दरवेळी तेवढीच कापते. कधी उरत नाही."

लोहाराने तुकडा पाहिला. मग स्वतःचा हात. त्याने तलवार हळूच खाली ठेवली.

"गुंडाळतानाच कळलं होतं तुला?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शीळ घालत होतात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "पातं उत्तम झालंय, उस्ताद. तेवढी मूठ नीट करा. मी पुढच्या आठवड्यात येते." त्या गेल्या. लोहाराने तो तुकडा बोटांनी सरळ केला, पुन्हा दुमडला.

"शेपटी तापवून बोटभर लांबवावी लागेल," शेवटी तो म्हणाला. "भट्टी पेटव."

त्याने बोंडावरचं ठोकलेलं टोक कानशीने घासून काढलं, बोंड उतरवलं, लाकूड आणि चामडं सोडवलं. पात्याला ओलं फडकं गुंडाळून शेपटी निखाऱ्यात धरली आणि ठोकून लांबवली. निवल्यावर ती बायकोपुढे केली.

"धर."

तिने राखेने माखलेले हात एप्रनला पुसले. "माझा हात लहान आहे."

"असू दे. बोटं चार आहेत," तो म्हणाला आणि तिच्या हाताच्या दोन्ही अंगांना खडूने रेघा मारल्या.