खुणेचा अभ्रा

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या हातात उशीचा एक अभ्रा आहे. पांढराशुभ्र, नुकती इस्त्री फिरलेला, गालाला लावावासा वाटेल इतका ऊबदार. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर तुमची आई झोपून आहे आणि उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे. काय कराल त्या अभ्र्याचं?

एका मुलीच्या हातात असा अभ्रा होता. घरात तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिच्या तोंडाला विसावा म्हणून नसे. आई आजारी पडली आणि ती टकळी थांबली. शाळा सुटली की ती मुकाट्याने मावशीजवळ येऊन बसे. मावशी त्याच इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती.

मावशीची एक रीत होती. चादरी-अभ्रे घडी घालून झाले, की ती प्रत्येक खोलीचा वेगळा गठ्ठा करी. त्यावर तळहात ठेवी आणि हलकेच म्हणे, "प्रभू येशू, याच्यावर जो डोकं टेकेल त्याला शांत झोप दे. त्याला बरं कर. आमेन."

शेजारी इस्त्रीवाले काका असत. ते चिडवायचे, "बाई, एक दिवस ती चादर तुला उलट उत्तर देईल बघ."

"देऊ दे की. तुमच्यापेक्षा गोडच बोलेल."

त्या दिवशी आईच्या खोलीचा गठ्ठा तयार होत होता. मावशी म्हणाली, "ये, आज तू हात ठेव. आईसाठी माग. आणि तिच्या शेजारच्या खाटेवर एक आजीबाई आहेत ना, त्यांच्यासाठीही."

"त्यांना मी ओळखत नाही," टकळी म्हणाली. "आणि प्रार्थना दोघींत वाटली तर आईला कमी पडेल."

मावशी हसली नाही. रागावलीही नाही. मशीन थांबलं होतं, म्हणून ती ओले कपडे काढायला गेली.

टकळीने रफूच्या डब्यातली सुई घेतली. अभ्र्याच्या एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले, एकमेकांवर आडवे. इवलासा क्रूस झाला. तो मुठीत धरून तिने होती नव्हती तेवढी सगळी प्रार्थना त्यात ओतली. आईची खाट दाराशी होती. नर्स आत आली की वरचा अभ्रा पहिल्यांदा आईच्याच उशीला घालणार. म्हणून टकळीने तो अभ्रा गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. मग गाडीवाला येऊन गठ्ठा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी तिला वर घेऊन गेली. ऑपरेशन पार पडलं होतं. आईचा चेहरा ओढलेला होता, पण टकळीला पाहून ती हसली. टकळीने तिचा हात धरला आणि लगेच उशीचे चारही कोपरे तपासले.

खूण नव्हती.

ती शेजारच्या उशीवर होती. त्या आजीबाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि त्यांच्या कानाजवळ निळा क्रूस दिसत होता.

मावशीनेही तो पाहिला. सगळं तिच्या ध्यानात आलं. ती टकळीच्या कानात म्हणाली, "अगं, गाडीवर गठ्ठा पालथा ठेवतात. वरच्या घडीला धूळ लागू नये म्हणून. तुझा अभ्रा तळाशी गेला."

टकळीचे डोळे भरून आले. आईची प्रार्थना भलत्याच डोक्याखाली गेली होती. ती तशीच पुढे झाली. अभ्रा काढून घ्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं. तिने कोपऱ्याला हात घातला आणि आजीबाईंनी डोळे उघडले.

"काय गं, तुलाही सापडला का तो?" त्या म्हणाल्या. "काल रात्री दिवा मालवला आणि मला अशी भीती वाटायला लागली, काय सांगू. माझी विचारपूस करायला कोणी येत नाही. कूस बदलताना बोटाला काहीतरी लागलं. चाचपून पाहिलं, तर क्रूस. म्हटलं, म्हातारे, कोणीतरी तुझी आठवण ठेवली आहे. मग भीती गेली ती गेलीच."

टकळीचा हात कोपऱ्यावरच राहिला.

"मग म्हटलं, आता आपण तरी नुसतं का पडून राहायचं? ही शेजारीण रडत होती. तिच्यासाठी मागत बसले. सकाळी तिला आत नेलं, तेव्हा परत येईपर्यंत मागतच होते. देवबापा कंटाळला असेल माझ्या बडबडीला."

"आजींनी रात्री माझा हात धरला होता," आई पलीकडून हळूच म्हणाली. "तेव्हा कुठे मला झोप लागली."

टकळीने कोपरा सोडला. उशी जराशी वर घेतली, अभ्र्याची चुणी हाताने नीट केली आणि आजीबाईंचं डोकं अलगद टेकवलं. मग तिने स्टूल ओढून दोन्ही खाटांच्या मधोमध ठेवलं. त्यावर बसून ती शाळेतल्या सगळ्या गोष्टी सांगायला लागली. नर्सने येऊन दटावलं, तेव्हा कुठे थांबली.

पुढच्या दिवशी लाँड्रीत इस्त्रीवाले काकांनी विचारलं, "काय बाई, आलं का चादरीचं उत्तर?"

"आलं," मावशी म्हणाली. तिने रफूचा डबा टकळीपुढे सरकवला.

टकळीने निळा दोरा ओवला. एका अभ्र्याला दोन टाके घातले. मग डोळे मिटून तो गठ्ठ्याच्या मध्येच कुठेतरी सरकवला आणि वर तळहात ठेवला. गठ्ठा कुठल्या खोलीचा, ते तिने विचारलं नाही.