बसलेले पुरुष

"पुरुषांची मासिकं? ती कापून काय मिळणार, दाढीचे केस?" मी रूममेटवर खेकसले. फॅशन कॉलेजच्या सबमिशनसाठी चित्रं चिकटवून बायकांच्या कपड्यांचा मूडबोर्ड करायचा होता आणि कापायला उरला होता तिच्या भावाच्या रद्दीतला गठ्ठा.

उघडला. चाळिशीतल्या घोड्यांना मोजे कोणते घालायचे ते शिकवत होते! शर्टाला इस्त्री कशी करावी, यावर दोन अख्खी पानं. आयांनी लाडावून ठेवलेली जमात!

कात्री चालवता चालवता थांबले. फोटोंतले हे सगळे पुरुष बसले होते. पाय पसरून, कोपरं टेकून, शर्टाला खुशाल चुण्या पडू देऊन. एक ढेरपोट्या तर बिर्याणी हादडत होता आणि खाली लिहिलं होतं, 'रुबाबदार'. आमच्या मासिकांतल्या बायका पानोपानी श्वास रोखून उभ्या. बसल्या तर शिवण उसवायची. मेल्यांचा हेवाच वाटला. पुढचं मासिक मी कापायला नाही, बघायला उघडलं. आणि बोर्डभर तेच पुरुष चिकटवले.

सबमिशनला मॅडमनी नाक मुरडलं. "विषय बायकांचे कपडे होता."

"हो, मॅडम. माझ्या बाईला बसायचंय. पोटभर जेवायचंय पण."

"फॅशन कशाशी खातात, कळतं का तुला?"

सकाळपासून त्या उभ्यानेच सगळ्यांना मार्क देत होत्या. मी खुर्ची पुढे सरकवली. "बसून सांगा ना."

मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं, मग स्वतःच्या घट्ट स्कर्टकडे, आणि उभ्याउभ्याच मला नापास केलं.