ज्याच्या हाती दगड

"दगड ज्याच्या हाती, तोच बोलेल, आणि बोलेल ते फक्त स्वतःच्या अनुभवाबद्दल," पास्टर कॅरिन टॉलेफसन म्हणाली. "दुसऱ्याच्या अनुभवाचा अर्थ लावायचा नाही. सल्ला नाही, समजूत घालणं नाही. ऐकून झालं की 'तुझे आभार' एवढंच म्हणायचं आणि दगड पुढं द्यायचा."

"एवढ्या धर्मांची माणसं एका खोलीत, आणि वाद नाही?" ज्यूंचा धर्मगुरू एझ्रा लिपकिन म्हणाला. "अगं कॅरिन, याला मंडळ नाही म्हणत. दाताच्या डॉक्टरकडं असं बसतात."

"नियम नसला तर काय होईल सांगू? मला दिसलेला उजेड तू तुझ्या मोशेचा ठरवशील, नसरीन तिच्या पैगंबरांचा ठरवील, आणि पुढच्या रविवारी इथं नुसत्या खुर्च्या येतील."

"खुर्च्या निदान मधे तोंड तरी घालत नाहीत," नसरीन म्हणाली. ती गावातल्या इस्पितळात परिचारिका होती. सगळे हसले आणि नियम मान्य झाला.

यूजीन गावातल्या लूथरन चर्चच्या तळघरात मंडळाची ही पहिलीच बैठक होती. भान पालटून टाकणारी अळंबी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात परवान्याच्या केंद्रात बसून घेता येऊ लागली, तेव्हापासून गावात अशी माणसे वाढली होती, की ज्यांनी काहीतरी पाहिले होते आणि जे पाहिले ते आपापल्या प्रार्थनास्थळात बोलण्याची ज्यांना सोय नव्हती. ती सोय कॅरिनने केली. तिने स्वतः उजेड पाहिला होता, आणि त्या दिवसापासून मरणाचे भय आपल्याला उरले नाही, असे ती सांगत असे.

नदीतून आणलेला तो काळा, गुळगुळीत दगड तिने प्रथम लॉर्ना हॅस्केटच्या हाती दिला. लॉर्ना याच चर्चमध्ये वर्षानुवर्षे ऑर्गन वाजवीत आली होती. आता तिची बोटे सदैव गार असत. कर्करोग स्वादुपिंडातून यकृतात उतरला होता, आणि डॉक्टरांनी उन्हाळ्यापलीकडचे काही बोलणे सोडून दिले होते.

"मी त्या केंद्रात गेले ती आमच्या पास्टरबाईंच्या सांगण्यावरून," लॉर्ना म्हणाली. "ही म्हणाली, भीती जाते. मला तशी भीती फार नव्हतीच. पलीकडं माझा नवरा आहे, व्हर्नन, म्हटलं. एवढी वर्षं वाट बघतोय बिचारा."

तिने दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"व्हर्नन दिसला. आमच्याच स्वयंपाकघरात, टेबलाशी. संत्रं सोलत बसला होता, नेहमीसारखा, साल अखंड ठेवून. मी हाक मारली. त्यानं वर बघितलं. बसमध्ये शेजारच्या माणसाकडं बघतो ना आपण, तसं. आणि परत संत्रं. मी म्हटलं, अरे व्हर्न, मी आहे. तर म्हणाला, 'बाई, तुम्ही घर चुकलात.' अगदी सभ्यपणे हं. जन्मभर सभ्यच होता तो. नशा उतरेपर्यंत मी दारातच उभी होते. बसा सुद्धा म्हणाला नाही."

एझ्राने खुर्ची किंचित पुढे ओढली.

"कॅरिन, तुला दिसलं ते खरं, असं तू म्हणतेस," लॉर्ना म्हणाली. "मग मला दिसलं तेही खरंच ना? की तुझं तेवढं खरं आणि माझं औषधाचं? सांग ना. मी गेल्यावर तो मला ओळखणार नाही का?"

"कॅरिन, अगं बोल तिच्याशी," एझ्रा म्हणाला.

"दगड तुझ्या हातात नाही, एझ्रा." कॅरिनचा आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला.

"त्याच्या नाही, माझ्या आहे. घे." लॉर्नाने वाकून दगड कॅरिनच्या तळहातावर ठेवला. "आता बोल."

मरणाऱ्यांच्या उशाशी कॅरिन आजवर पुष्कळ बोलली होती, आणि आताही वाक्य तिच्या ओठांवर तयार होते: तो व्हर्नन नव्हता, तो त्या अळंबीचा खेळ होता, थकलेल्या मेंदूचा खेळ होता. परंतु ते वाक्य उच्चारल्यावर तिच्या उजेडाचे काय उरणार होते, हेही त्या वाक्यातच होते. सारे वर्तुळ तिच्याकडे पाहत होते.

"तुझे आभार, लॉर्ना," ती म्हणाली आणि तिने दगड पुढे दिला.

नसरीनने तो दोन्ही हातांत धरला. "तुझे आभार," ती खाली पाहत पुटपुटली. दगड पुढे गेला. कोणी घसा खाकरला, कोणी डोळे पुसले. शब्द मात्र सर्वांनी तेच म्हटले.

शेवटी तो लॉर्नाच्या शेजारी बसलेल्या एझ्राकडे आला. नियमाला हरकत घेणारा तो एकटाच होता. त्याने दगड उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि बोलण्यासाठी तोंड उघडले.

"लॉर्ना," तो म्हणाला, "तुझे आभार." आणि त्याने दगड तिच्या मांडीवर ठेवला.

इतक्या हातांतून फिरून तो चांगलाच उबदार झाला होता. लॉर्नाने तो दोन्ही तळव्यांत घट्ट धरला. ती काही बोलली नाही, आणि दगड तिने कोणाला दिलाही नाही. कोपऱ्यात कॉफीचे भांडे उकळत राहिले. दगड तिच्या हाती असेपर्यंत दुसऱ्या कोणालाच बोलता येणार नव्हते. आणि तिच्या हातांत तो हळूहळू पुन्हा गार होत गेला.